जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवायचं का? आधी ‘जड’ आणि ‘ढिलं’ यातला फरक बघा

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की साधारण 30 किलोमीटरवर पातूर लागतं. तिथपर्यंत रस्ता बहुतेक सपाट. पातूर सोडून मेडशीच्या बाजूला लागलं की घाट सुरू होतो, आणि जुनी जीप किंवा पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांना स्टिअरिंगची खरी आठवण तिथे होते. समोरून ट्रक येतोय, वळण डावीकडे आहे, तुम्ही चाक फिरवलंय आणि गाडी अजून सरळच चालली आहे.

मग घरी येऊन रील्स बघितली जातात. त्यात कुणीतरी 40 वर्षं जुनी जीप एका बोटाने वळवून दाखवत असतो. खाली कमेंट असते, ‘भाऊ, खर्च किती आला?’ खर्चाआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुमचं स्टिअरिंग जड आहे, की ढिलं आहे?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. जड म्हणजे चाक फिरवायला ताकद लागते. त्रास होतो तो गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना. ढिलं म्हणजे चाक फिरवलं तरी सुरुवातीला टायर हलतच नाही. गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’. पॉवर स्टिअरिंग जडपणा घालवतं. प्ले घालवत नाही. उलट झिजलेल्या जोडण्या तशाच ठेवून पॉवर बसवलं तर चाक इतकं हलकं होतं की प्ले हाताला जाणवणंच कमी होतं. घाटातला धोका मात्र तेवढाच राहतो. ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. प्ले भरून निघण्यात अर्धा सेकंद गेला, तर साडेपाच मीटर गाडी तुमच्या मनाने नाही, तिच्या मनाने गेली.

प्ले किती चालतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम सांगतो की स्टिअरिंगच्या चाकावर 30 अंशांपेक्षा जास्त प्ले नको. 40 सेंटीमीटर व्यासाच्या चाकावर, कडेने मोजलं तर हे सुमारे साडेदहा सेंटीमीटर होतात. मर्यादा तशी उदारच आहे. घाटात जायचं असेल तर यापेक्षा पुष्कळ कमी हवा.

प्ले नेमका कुठे आहे?

हे शोधायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने खाली वाकून बॉक्सपासून टायरपर्यंत एकेक जोड बघत जायचं. ज्या जोडाच्या एका बाजूला हालचाल दिसते आणि दुसऱ्या बाजूला दिसत नाही, तिथे झीज आहे.

महिंद्राने 1947 मध्ये भारतात विलीज जीपपासून सुरुवात केली आणि पुढे सीजे-3बी अनेक वर्षं बनवली. या जुन्या रचनेत बॉक्स आणि चाकं यांच्या मध्ये ‘बेलक्रँक’ नावाचा एक फिरता भाग असतो. बॉक्सकडून आलेला ड्रॅग लिंक त्याला हलवतो आणि तो दोन टाय रॉडना. म्हणजे जोड जास्त, आणि प्रत्येक जोडाचा थोडाथोडा प्ले शेवटी स्टिअरिंगवर एकत्र येतो. बेलक्रँकची पिन झिजलेली असताना लोक बॉक्सला दोष देतात, हे फार होतं.

किंगपिनची तपासणी वेगळी. पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग सैल आहे, तरीही हलत असेल तर किंगपिन गेली.

बॉक्सच्या स्क्रूबद्दल एक इशारा. प्ले काढायला तो आवळतात. पण बॉक्स सर्वांत जास्त झिजतो तो सरळ चालताना, म्हणजे मधल्या जागी. मधला प्ले शून्य होईपर्यंत आवळलं तर कडेला, कमी झिजलेल्या भागात, स्टिअरिंग अडकतं. वळणातून बाहेर पडताना चाक आपोआप परत आलं नाही तर काय होईल, याचा विचार करा. आवळल्यानंतर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचं. कुठेही घट्ट लागलं तर बॉक्स उघडायची वेळ झाली आहे.

जडपणाचीही कारणं आधी बघा. टायरमधली कमी हवा, सुकलेल्या किंगपिन, ग्रीस न मिळालेले जोड. आणि दिखाव्यासाठी चढवलेले रुंद टायर! मूळ जीपला 6.00-16 सारखे अरुंद टायर असायचे, स्टिअरिंग त्या हिशोबाने बनवलेलं होतं.

एवढं करूनही जड वाटतंय?

मग पॉवरचा विचार जरूर करा. खांदा दुखतो, वय झालं, घरातल्या इतरांनाही गाडी चालवायची आहे, ही कारणं पुरेशी आहेत. शुद्धतेच्या नावाखाली गाडी शेडमध्ये उभी ठेवण्यापेक्षा ती रस्त्यावर असलेली बरी, असं माझं मत आहे. शिवाय जुन्या गाड्यांचा स्टिअरिंगचा दांडा एकसंध आणि कडक असतो, समोरून धडक बसली तर तो छातीकडे येतो. दबणारा नवा कॉलम नीट बसवला तर तो खरा फायदा आहे.

‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. हायड्रॉलिक पॉवरचा बॉक्स चेसिसवर जास्त जोर टाकतो. मागे जाड प्लेट नसेल तर तिथे चेसिसला चीर पडू शकते. इलेक्ट्रिकमध्ये दुसऱ्या गाडीचा कॉलम कापून दांडा वेल्ड करतात. ते वेल्डिंग तुटलं तर स्टिअरिंगच हातात येईल, म्हणून हे काम गेटची जाळी जोडणाऱ्याकडून करून घ्यायचं नाही. इलेक्ट्रिक मोटर गाडी उभी असताना वळवायला 30-40 अँपिअर सहज ओढते. जुन्या डायनामोला ते झेपत नाही, अल्टरनेटर लागतो.

पद्मिनीत आणखी एक अडचण. कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवरच असतो. कॉलम बदलला की गिअर खाली आणावा लागतो. मग ती पद्मिनी किती उरली, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हा पेच जगभर आहे. 1945 ते 1949 मध्ये बनलेली एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार प्लेसाठी बदनाम आहे. पुढच्या टीडी मॉडेलला कंपनीनेच रॅक अँड पिनियन दिलं. टीसीचे काही मालक दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवतात, काही मूळ बॉक्सच दुरुस्त करत राहतात. दोन्ही गट आपापल्या जागी ठाम आहेत.

आपल्याकडे कागदपत्रांचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी 50 वर्षांची झाली असेल तर जास्त सावध राहा. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी (नंबरात ‘व्हीए’ अक्षरं) मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच मिळते, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे चेसिस कापावी लागेल असं काम टाळा, बोल्टने बसेल आणि काढता येईल असंच करा. जुना बॉक्स भंगारात न देता ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवा.

काम झाल्यावर पहिली चक्कर घाटात नको. अकोला-पातूर सपाटीवर शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फिरवा, परत येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा, स्प्लिट पिना मोजा आणि तीच दोन माणसांची तपासणी पुन्हा करा. त्यानंतर मेडशीकडे निघा.