तिकडं जमतं, मग इकडं का नाही?



बाहेरगावची शेती पाहून आलेला सभासद गट ऑफिसात हाच प्रश्न टाकतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर उसापेक्षा भातात लवकर कळतं, म्हणून या अंकात आम्ही राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या अहेरीचं उदाहरण घेतलं आहे.

अहेरी प्राणहितेच्या काठी. पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होती, २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोलीत. भोवती सागवानाचं जंगल, मुख्य पीक भात, तेही बहुतांशी पावसावर. आपला आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा राहतो, चैत्र-वैशाखातही पाणी मागतो. तेव्हा तिथं ऊस नेण्याचा विचार नको. पण भाताची सुधारणा भाताच्याच दुसऱ्या मुलखातून न्यायला काय हरकत?

कोकणात कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीचा प्रसार केला. सूत्रं साधी आहेत. पेंढा आणि तुसाची राख पुन्हा रानात घालायची. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत गाडायचा. दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटून-पालटून ठेवत लावणी करायची. आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. फोकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो. गोळी चिखलात राहून मुळाला सावकाश लागू पडते. विद्या चोख आहे.

आता ही अहेरीला नेऊ. पहिली अडचण बोलीची. कोकणातला माणूस म्हणणार खाचर, लावणी, रोप. पूर्व विदर्भात खाचराला म्हणतात बांधी, लावणीला रोवणी, रोपाला पऱ्हे. मराठीतच ही गत. अहेरी भागात तर घरात गोंडी, माडिया, तेलुगू बोलतात. शिवाय रोवणी करणार बाया आणि माहितीच्या सभेला बसणार पुरुष! मग दोरी धरायची कुणी?

दुसरी पाण्याची. गोळी खोचायला चिखल मऊ लागतो. कोकणात लावणीच्या दिवसांत पावसाची बहुधा खात्री असते. इकडं पाऊस दडी मारतो, रोवणी लांबते, कुणी आवत्याच टाकतो. ओळच नाही तर गोळी कुठं खोचणार?

तिसरी गोळीची. ती करणारं यंत्र जवळ हवं. गोळीला ओल लागली की विरघळू लागते, आणि रोवणीच्या दिवशी गावात नसली तर चौथं सूत्र गळालंच. गिरिपुष्पाचं मात्र तसं नाही. बांधावर फांदी खोचली की लागतं, परवाना नको, यंत्र नको.

जुन्या काळी याच खोऱ्यात एक विद्या छान रुजली होती. वैनगंगेच्या वरच्या अंगाला, भंडारा-चांदा भागात, कोहळी लोकांनी तलाव बांधले आणि त्या पाण्यावर ऊस पिकवून गूळ केला. (आपल्या सभासदांना हे वाचून बरं वाटेल!) ते मूळचे काशीकडले अशी कथा सांगतात. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. म्हणजे कसब असलेला माणूसच आला, त्याला जमिनीचा हक्क मिळाला, आणि गुऱ्हाळ गावातच. पुढं १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कुणी काढायचा याची घडी विस्कटली. मामा तलाव म्हणतात ते हेच, माजी मालगुजारी. पाळ तीच, पण राखणारा धनी गेला.

आपली को ८६०३२ तरी कुठं इथली? कोइमतूरची. पाडेगावच्या केंद्रानं तिची आपल्या रानांत पारख केली, १९९६ साली 'नीरा' म्हणून ती प्रसारित झाली. मग बेणेमळे, कारखान्याची उधारी, बिलातून वसुली. ही साखळी आधीच जोडलेली होती, म्हणून जात शिवारभर झाली. अहेरीच्या भाताला असा बेण्यापासून बिलापर्यंत बांधलेला कारखाना नाही.

यंदा परजिल्ह्यातून बेणं आणणाऱ्या सभासदांनी आधी दोन-चार गुंठ्यांतच लावावं. बेणं कुठून आणलं, तिथली जमीन कशी, पाण्याच्या पाळ्या किती दिवसांनी, हे लागणीच्या नोंदीवेळी गट ऑफिसात सांगावं.