शैशव-विस्मृती व अन्नाभिरुची
शैशव-विस्मृती व अन्नाभिरुची : जन्मानंतरच्या पहिल्या सुमारे तीन वर्षांतील प्रसंग प्रौढपणी न आठवणे, या सार्वत्रिक घटनेस शैशव-विस्मृती अशी संज्ञा आहे. याच काळात मूल चव, वास व पोत यांचा परिचय करून घेऊन खावयास शिकते. हे शिक्षण प्रसंगरूपाने आठवत नसले, तरी आवडीनिवडींच्या रूपाने टिकून राहते. स्मृती ही एकच शक्ती नसून तिचे भिन्न प्रकार आहेत, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

आद्य आठवणींच्या पद्धतशीर अभ्यासास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रारंभ झाला. बहुतेकांची पहिली आठवण सरासरीने वयाच्या तिसऱ्या ते साडेतिसऱ्या वर्षाची असते, असे पुढील अनेक पाहण्यांत दिसून आले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये या विस्मृतीचे कारण बालवयातील कामप्रेरणांच्या दमनात शोधले. ते आता सामान्यतः स्वीकारले जात नाही. प्रसंगांची नोंद ठेवणारा हिप्पोकँपस हा मेंदूचा भाग शैशवात पुरेसा परिपक्व नसतो. तसेच भाषा व ‘मी’ची जाणीव तेव्हा घडत असते. या भागात वेगाने निर्माण होणाऱ्या नव्या तंत्रिका कोशिकांमुळे जुन्या नोंदी पुसल्या जात असाव्यात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांवरून सूचित झाले. मातापिता मुलाशी गतगोष्टींविषयी किती तपशिलाने बोलतात, यावरही पहिल्या आठवणीचे वय अवलंबून असते.

तथापि अर्भकास स्मृतीच नसते असे नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने पाळण्यावर टांगलेले खेळणे फितीने अर्भकाच्या पायास जोडले. पाय झाडला की खेळणे हलते, हे तीन महिन्यांच्या मुलांच्या सुमारे एक आठवडा, तर सहा महिन्यांच्या मुलांच्या सुमारे दोन आठवडे लक्षात राहिले.

अन्नाचे शिक्षण जन्मापूर्वीच सुरू होते. गोडाची ओढ व कडूची नावड उपजत असते. परंतु विशिष्ट स्वाद परिचयाने आवडू लागतात. मातेच्या आहारातील स्वाद गर्भजलात व नंतर स्तन्यात उतरतात. फिलाडेल्फिया येथील मोनेल केंद्रातील ज्युली मेनेला व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगात, ज्या मातांनी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या मुलांनी गाजराच्या स्वादाची पेज चाखताना नापसंतीचे हावभाव कमी दर्शविले.

या शिक्षणाचा ठसा दीर्घकाल टिकतो. जर्मनीत पूर्वी बाटलीच्या दुधात व्हॅनिलाचा स्वाद घातला जात असे. तेथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांना टोमॅटो केचपचे साधा व व्हॅनिलायुक्त असे दोन नमुने चाखावयास दिले. लहानपणी बाटलीच्या दुधावर वाढलेल्यांनी व्हॅनिलायुक्त, तर अंगावरच्या दुधावर वाढलेल्यांनी साधा नमुना अधिक पसंत केला. पाळण्यातील त्या दुधाची आठवण कोणालाही असणे शक्य नव्हते.

स्तन्याखेरीज अन्य अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. गृह्यसूत्रांनीही अन्नप्राशन संस्कारासाठी सहावा महिना सांगितला आहे. महाराष्ट्रात त्यास उष्टावण म्हणतात. उष्टावणाचा प्रसंग आठवतो असे एखाद्यास वाटले, तरी ती आठवण बहुधा छायाचित्रांवरून व घरातील मोठ्यांच्या सांगण्यावरून तयार झालेली असते. मऊ भात, वरण किंवा नाचणीची खीर यांची गोडी मात्र प्रत्यक्ष अनुभवाची असते.

नवा पदार्थ मुलाने प्रथम थुंकला, तर तो त्याला आवडत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. लीन बर्च व सहकाऱ्यांच्या १९८२ मधील प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी जो पदार्थ अधिक वेळा चाखला, तोच अधिक पसंत केला. आठ-दहा वेळा थोडाथोडा चाखविल्यावर पुष्कळ मुले नवी भाजी स्वीकारतात. सुमारे दोन वर्षांनंतर अनोळखी अन्नाविषयीचा संशय वाढतो; म्हणून त्यापूर्वीच विविध धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांचा परिचय करून देणे इष्ट असते. बळजबरीने भरविल्यास पदार्थाविषयी उलट तिटकारा निर्माण होण्याचा संभव असतो.

या वयातील अन्नाची निवड सर्वस्वी वडीलधाऱ्यांच्या हाती असते. मुलास ती पुढे आठवत नाही. परंतु तिच्यातून घडलेली रुची व तिचे आरोग्यावरील परिणाम त्याला पुढील आयुष्यातही जाणवत राहतात. बालसंगोपनात पहिल्या दोन वर्षांच्या आहारास महत्त्व देण्याचे हे पोषणाइतकेच सबळ असे मानसशास्त्रीय कारण होय.