भार वाहणाऱ्यांचा समूह

शालान्त परीक्षेचा निकाल इंटरनेटवर लागतो, त्या दुपारीं आपल्या राज्यांतील सुमारें १५ लक्ष विद्यार्थी व त्यांचे पालक एकाच घटकेस निकालाचें पृष्ठ उघडूं पाहतात. तें उघडत नाहीं तेव्हां जिवाची जी घालमेल होते, ती आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. एवढी गर्दी एका सर्व्हरास पेलत नाहीं. म्हणून अनेक सर्व्हर ठेवून येणाऱ्यांची त्यांच्यांत वांटणी करणारें एक यंत्र दाराशीं बसवितात. त्यास लोड बॅलन्सर म्हणतात. पण हा द्वारपाळच मूर्च्छित पडला, तर आंतील पन्नास सर्व्हर धडधाकट असून काय उपयोग?

यावर जुना उपाय जोडीचा. एक बॅलन्सर काम करतो व दुसरा सज्ज बसून राहतो. पहिला बंद पडतांच दुसरा त्याचा पत्ता आपल्याकडे घेतो. यानें भरंवसा वाढतो, शक्ति मात्र कणभरही नाहीं. मोल दोघांचें, काम एकाचें!

समूहाची योजना याहून सरस होय. गूगल कंपनीनें २००८ पासून वापरलेल्या व २०१६ सालीं निबंधरूपानें जगापुढें मांडलेल्या ‘मॅग्लेव्ह’ पद्धतींत सारींच यंत्रें राबतात. राउटर येणारीं पॅकेटें त्यांच्यांत वांटून देतो. एक यंत्र गळलें कीं त्याचा वांटा इतरांकडे जातो, व गर्दी वाढली कीं नवें यंत्र जोडतां येतें.

येथें चाणाक्ष वाचक विचारील, कीं मध्येंच बॅलन्सर बदलला, तर चाललेलें संभाषण भलत्याच सर्व्हराकडे जाऊन तुटणार नाहीं काय? खरी मेख हीच. म्हणून सर्व यंत्रें सर्व्हरांच्या यादीवरून एकाच गणितानें एकच कोष्टक तयार करतात, आणि पॅकेटावरील पत्ते व पोर्ट-क्रमांक यांवरून त्यांतील घर ठरवितात. पॅकेट कोणत्याही यंत्राकडे येवो, उत्तर एकच निघतें. एकमेकांस विचारावें लागत नाहीं. एखादा सर्व्हर बंद पडला तरी कोष्टकांतील इतर घरें फारशीं हलत नाहींत.

मात्र एक हिशेब विसरतां कामा नये. दोन यंत्रें शेंकडा ७० भारानें चालत असतां एक कोसळलें, तर दुसऱ्यावर १४० चा भार पडून तेंही कोसळेल. दहा असतां एक गेलें, तर उरलेल्या नवांवर सुमारें ७८ च येतो. निकालाच्या आदल्या आठवड्यांत एक यंत्र मुद्दाम बंद करून हा ताळा पाहावा, असें आमचें मत आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षा उत्साहानें घेणारे व्यवस्थापक यंत्रांची ही परीक्षा घेण्यास कां कंटाळतात, तें आम्हांस उमगत नाहीं.