घरसामान आणि मोटार : सीमाशुल्काचे दोन न्याय

परदेशातील नोकरी संपवून कायमचे मायदेशी परतणाऱ्या अनेकांना घरसामानाबरोबर मोटारही शुल्कमुक्त आणता येईल, असे वाटते. कायदा मात्र या दोहोंत स्पष्ट भेद करतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २(३) मधील प्रवासी सामानाच्या व्याख्येत प्रवाशासोबत नसलेले, स्वतंत्रपणे पाठविलेले सामानही येते. मोटारवाहने मात्र वगळली आहेत.

वापरातील घरसामानाला निवास-स्थलांतराची सवलत मिळते. २०१६ च्या नियमांनी त्यासाठी २ वर्षांचे परदेशी वास्तव्य व ५ लाख रुपयांची कमाल मर्यादा ठरविली होती.

मोटारीला मात्र सीमाशुल्काबरोबरच विदेश व्यापार धोरणाच्या अटी लागू होतात. सर्वसाधारणपणे वापरलेली मोटार निर्मितीपासून ३ वर्षांपेक्षा जुनी नसावी व तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे तेथील डाव्या स्टिअरिंगची मोटार या अटीत बसत नाही.

घरसामान कुटुंबापुरते असते. मोटारीचा संबंध रस्तेसुरक्षा, प्रदूषण व देशी उद्योगाशी येतो. सवलतीच्या रकमा वेळोवेळी बदलतात. म्हणून मोटार जहाजावर चढविण्यापूर्वी परतणाऱ्याने, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी परीक्षार्थीने, प्रथम व्याख्या पाहावी.