वजन भारी असावें कीं हलकें?

बल्लारपूर हें सागाचें, कोळशाचें व कागदाचें गांव. डिसेंबर २०२३ मध्यें जवळच विसापूरच्या क्रीडासंकुलांत राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या. अशा स्पर्धा पाहून आलेल्या मुलांस शरीर कमावण्याचा ध्यास लागला, तर त्यांत नवल नाहीं. मग घरांत वाद सुरू होतो. नातू म्हणतो, भारी लोखंड उचलल्यावांचून दंड भरत नाहीं. आजोबा म्हणतात, जोर, बैठका आणि हलकी जोडी एवढ्यावरच आमच्या पिढीनें शरीरें कमावलीं. ह्यांत खरें कोणाचें?

नातवाच्या पक्षास आधार आहे. थॉमस डिलॉर्म ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं रुग्णांचे दुर्बळ झालेले स्नायू भारी वजन थोडे वेळां उचलवून सुधारले व ती पद्धत १९४५ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें तोच नियम ठरून गेला.

परंतु २०१६ मध्यें कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठानें ह्या नियमाची परीक्षा घेतली. व्यायामाची संवय असलेले ४९ तरुण बारा आठवडे निरखले. एका गटाचें वजन आठ ते बारा वेळांतच थकविणारें, तर दुसऱ्याचें वीस ते पंचवीस वेळां उचलतां येईल इतकें हलकें होतें. दोन्ही गट हात चालेनासा होईपर्यंत थांबत नसत. अखेरीस दोहोंच्या स्नायूंची वाढ जवळजवळ सारखीच भरली!

कारण सोपें आहे. हलक्या वजनास प्रथम स्नायूंतील थोडेच तंतू कामास लागतात. ते थकूं लागले म्हणजे मज्जातंतू उरलेल्यांस हांक देतात. भारी वजनास बहुतेक तंतू आरंभींच जुंपले जातात. मात्र वजन अगदींच क्षुल्लक असेल तर वाढ कमी होते. आणि एकदांच मोठा भार उचलण्याची ताकद हवी असेल, तर भारी वजनाचाच सराव अधिक उपयोगीं पडतो.

हा वाद केवळ तरुणांच्या हौसेचा नाहीं. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. पाटावरून उठतांना हात टेकावा लागतो, जिना चढतांना कठडा धरावा लागतो. भारी लोखंड झेपत नाहीं म्हणून घरांतील आजी व्यायामच आपला नव्हे असें समजून बसली, तर तें मोठें नुकसान होय. पाण्यानें भरलेली बाटली अथवा वाळूची लहान पिशवी घेऊनही आरंभ करतां येतो. रक्तदाब वा हृदयविकार असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. श्वास कोणींही कोंडूं नये.

वाग्भटानें व्यायामास अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आहे. स्नायू वाढवावयाचे तर त्याहून थोडें पुढें जावें लागतें. पण गळून पडण्याची गरज नाहीं. आणखी एक-दोन वेळांच जमेल असें वाटलें कीं थांबावें. लोखंड नातवाचें असो कीं जोडी आजोबांची, स्नायूस वजनाचा आंकडा कळत नाहीं; त्यास श्रम कळतात, असेंच आम्हांस वाटतें.