कॅबिनेट कोण उघडणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तळेगाव, कामशेत, लोणावळ्यातल्या घराघरांत गेमिंग कॉम्प्युटरचा विषय निघतो आणि एका जागी अडतो: कंपनीचा तयार पीसी घ्यायचा, की सुटे भाग आणून असेंबल करायचा? चर्चा बहुधा किमतीभोवती फिरते, पण किमतीने निकाल लागत नाही. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. तयार पीसीत अनेकदा विंडोजचा परवाना धरलेला असतो. असेंबल करणाऱ्याला तो वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही हिशेब नीट मांडले, तर फरक वाटतो त्याहून कमी उरतो. म्हणून मावळात राहणाऱ्याने आधी दुसरा प्रश्न विचारावा. जुलैत बाहेर धो धो पाऊस पडत असताना हे यंत्र सुरूच झाले नाही, तर ते उघडणार कोण?

हा प्रश्न इथल्या हवेतूनच येतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे तो झपाट्याने कमी होतो, पण चार महिने हवा दमट असते ती सगळीकडेच. घाटमाथ्याच्या गारव्यामुळे पीसी तापण्याची चिंता थोडी कमी होते. खरा शत्रू ओल. पंख्यांवर आणि मदरबोर्डवर बसलेली धूळ ओलावा धरून ठेवते, धातूचे संपर्क काळवंडतात आणि एक दिवस पडदा काळाच राहतो. अशा वेळी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या रबराने हलकेच पुसून परत बसवणे, हा दुरुस्तीवाल्यांचा पहिला उपाय असतो आणि पुष्कळदा तो पुरतो. हे पाच मिनिटांचे काम ज्याने पीसी स्वतः जोडला आहे, त्याला मुद्दाम शिकावे लागत नाही. ज्याने कॅबिनेट कधी उघडलेच नाही, त्याच्यासाठी तोच बिघाड आठवडाभराचा होतो.

दुसरा मुद्दा विजेचा. वादळवाऱ्यात वीज जाते-येते, दाब वरखाली होतो आणि त्याचा पहिला मार पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर बसतो. तयार पीसीच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावे ठळक असतात. एसएमपीएस कोणत्या दर्जाचा, रॅमची एकच पट्टी आहे की दोन, हे पुष्कळदा कळतच नाही. काटकसर नेमकी तिथे होते. १६ जीबी रॅम एका पट्टीत दिली, तर ८-८ जीबीच्या जोडीपेक्षा खेळ अनेकदा मंद चालतात, कारण दोन पट्ट्यांत माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. स्वतः भाग निवडणारा एसएमपीएसवर दोन पैसे जास्त घालू शकतो आणि यूपीएसचाही विचार आधीच करतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड जोरात चालू असताना तो कमी पडू शकतो. हा खर्च आणि घरातले चांगले अर्थिंग मूळ अंदाजपत्रकातच धरायला हवे.

तिसरा मुद्दा अंतराचा. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकामुळे मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांत बसतात. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार पीसीत मात्र हे भाग खास त्यांच्याच आकाराचे असतात, म्हणजे एक बिघडला की त्याच कंपनीचे दार ठोठवावे लागते. लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाताना बिघडलेले ग्राफिक्स कार्ड पिशवीत मावते. अख्खे कॅबिनेट गर्दीत सांभाळणे ही वेगळीच कसरत. लोणावळ्यातच १९४५ पासून आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण देते. भर समुद्रात इंजिन अडले तर मेकॅनिक बोलावता येत नाही, म्हणून ते जहाजावरच्या माणसांनाच उघडता यावे लागते. बाजारपेठेपासून दूर राहणाऱ्याला हेच तत्त्व लागू पडते.

यावर पहिला आक्षेप वॉरंटीचा असतो: तयार पीसीला एकच फोन नंबर, असेंबल केलेल्याला सात ठिकाणी फिरा. आक्षेप खरा आहे, पण मुदतीही पाहाव्यात. तयार पीसीची वॉरंटी बहुधा एका वर्षाची असते. पेटीबंद प्रोसेसरला ३ वर्षे, ग्राफिक्स कार्डाला साधारण तेवढीच आणि चांगल्या एसएमपीएसला ५ ते १० वर्षे मिळतात. घरी येऊन सेवा देण्याचे आश्वासन आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. दुसरा आक्षेप भीतीचा: महागडा भाग हातून मोडला तर? प्रोसेसरची जागा नाजूक असते आणि तिथे घाई चालत नाही, हे मान्यच. बाकीचे बहुतेक जोड मात्र एकाच बाजूने बसतील असे बनवलेले असतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२१ च्या टंचाईत सुटी ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती आणि तयार पीसीच स्वस्त पडत होता. अशी वेळ पुन्हा येऊ शकते. तेव्हा तयार पीसी जरूर घ्यावा, फक्त आतले भाग एटीएक्स मानकाचे आहेत याची खात्री करून.

ज्याला वेळ नाही किंवा हात धजावत नाही, त्यालाही मधली वाट आहे: भागांची यादी स्वतः करावी आणि जोडणी दुकानदाराकडून, समोर उभे राहून करून घ्यावी. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेले जीएसटी बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, पण बिल नसेल तर ती सिद्ध करणे अवघड होते. रिकाम्या पेट्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. आणि मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, घरातल्या मुलाने किंवा मुलीने एकदा कॅबिनेट उघडून धूळ झटकावी, रॅम काढून परत बसवावी. हे ज्या घरात होईल, त्या घराने पीसी तयार घेतला की असेंबल केला, याने मग फारसे बिघडत नाही.