परीक्षांचे देश, लेख ७ : तिसऱ्या दीडशे गुणांची कहाणी

मागच्या लेखात गाओकाओची, म्हणजे चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेची, मांडणी पाहिली. एकूण गुण ७५०. त्यांपैकी चिनी, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५०. आज या तिसऱ्या दीडशेविषयी. नियमाने रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुतेक मुले इंग्रजीच घेतात.

आपल्याकडे इंग्रजीचा वाद बहुधा माध्यमाचा असतो. चीनमध्ये भौतिकशास्त्र, कायदा, वैद्यक हे सारे चिनी मुले चिनीतूनच शिकतात. इंग्रजी हा फक्त एक विषय आहे. तरीही ज्या मुलाला पुढे इंग्रजीचे एक वाक्यही बोलावे लागणार नाही, त्याने कोणत्या विद्यापीठात जायचे हे गणिताइतकेच इंग्रजीही ठरवते.

हे वजन तिला फार उशिरा मिळाले. १९५० च्या दशकात शाळांत रशियनचा जोर होता. मॉस्कोशी बिनसल्यावर १९६४ च्या आराखड्यात इंग्रजीला पहिल्या परकीय भाषेचे स्थान मिळाले, आणि दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुलै १९७३ मध्ये हेनान प्रांतातल्या एका खेड्यातल्या शाळकरी मुलीने इंग्रजीची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी दिली. आपण चिनी आहोत, ही अक्षरे न शिकताही क्रांतीचे काम करू, अशा अर्थाच्या काही ओळी तिने मागे लिहिल्या. शाळेने जाहीर कानउघाडणी केली आणि मुलीने पाण्यात जीव दिला. पुढच्या वर्षी माओंच्या पत्नी जियांग चिंग यांनी या मृत्यूचे राजकारण केले. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक तुरुंगात गेले. त्यानंतर इंग्रजीच्या वर्गात मुलांकडे अभ्यासाचा आग्रह धरणे हेच शिक्षकाला धोक्याचे झाले. मुलीचे दुःख खरे होते; त्याचा वापर करणाऱ्यांना त्या दुःखाशी काही देणेघेणे नव्हते.

डिसेंबर १९७७ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी गाओकाओ पुन्हा सुरू केली. सुमारे ५७ लाख जण परीक्षेला बसले, प्रवेश मिळाला पावणेतीन लाखांच्या आसपास मुलांना. देशाला बाहेरचे तंत्रज्ञान हवे होते, पण इंग्रजी शिकवणार कोण? म्हणून तिचे गुण टप्प्याटप्प्याने मोजायचे ठरले. १९७९ मध्ये प्रमुख विद्यापीठांच्या प्रवेशासाठी १० टक्के, मग ३०, ५०, ७०, आणि १९८३ मध्ये पूर्ण १००. शिक्षक तयार व्हायला वेळ देणारा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्या काळात जियांगसू प्रांतातल्या यू मिनहोंग या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीत पहिल्यांदा ३३ गुण पडले. १९८० मधल्या तिसऱ्या प्रयत्नात ९५ मिळवून तो पेकिंग विद्यापीठात गेला. त्यानेच १९९३ मध्ये ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवण्यांची कंपनी काढली, आणि ती देशातली बलाढ्य कंपनी झाली.

इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो. ऐकण्याचा भाग चालू असताना केंद्राभोवती हॉर्न बंद, बांधकामे बंद. त्यानंतर उतारे, गाळलेल्या जागा आणि लेखन. लेखनात वर्षानुवर्षे एक नाव येते : ली हुआ. ‘समजा, तू ली हुआ आहेस’ असे सांगून परदेशी मित्राला पत्र लिहायला लावतात. कोट्यवधी मुलांनी या काल्पनिक विद्यार्थ्याच्या नावाने निमंत्रणे धाडली, क्षमा मागितली, चहा आणि चित्रकलेची माहिती दिली. आता नव्या पद्धतीत अर्धी गोष्ट देऊन ती साधारण १५० शब्दांत पुरी करायलाही सांगतात, २५ गुणांसाठी. बोलण्याची परीक्षा मात्र बीजिंग, शांघाय, ग्वांगडोंगसारखे काही अपवाद वगळता एकूण गुणांत धरत नाहीत. त्यामुळे अवघड उतारा झरझर वाचणारा, पण तोंड उघडायला घाबरणारा विद्यार्थी तिथे सर्रास भेटतो.

या गुणांना कात्री लावण्याची मागणी जुनी आहे. २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजी १५० वरून १०० वर आणि चिनी १८० वर नेण्याचा मसुदा मांडला. तो अमलात आला नाही. मार्च २०२१ मध्ये राजकीय सल्लागार परिषदेचे सदस्य शू जिन यांनी इंग्रजीचे मुख्य विषयाचे स्थान काढा, भाषांतराला आता यंत्रे आहेत, असे सुचवले. शिक्षण मंत्रालयाने नकार दिला. पण त्याच वर्षी जुलैत शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली, पाठोपाठ शांघायने प्राथमिक शाळांतली इंग्रजीची सत्रान्त परीक्षा बंद केली. २०२२ च्या अभ्यासक्रमात नववीपर्यंतच्या तासिकांत परकीय भाषेचा वाटा ६ ते ८ टक्के आहे. शारीरिक शिक्षणाचा १० ते ११. पुढच्या वर्षी शीआन जिआओतोंग विद्यापीठाने पदवीसाठी इंग्रजीच्या राष्ट्रीय चाचणीची अट काढून टाकली.

मुलांचे ओझे कमी व्हावे हे कोणाला नको आहे? पण ते कोणाच्या खांद्यावरून उतरते, हे पाहिलेच पाहिजे. शांघायच्या सधन घरातले मूल परदेशी शिक्षकाकडे खासगीत बसेल, सुटीत सिंगापूरला जाईल. त्याची इंग्रजी शाळेच्या तासिकांवर अवलंबून नाही. गान्सूच्या डोंगराळ गावातल्या मुलीला इंग्रजी भेटते ती शाळेतच. तिच्याकडे पाठ्यपुस्तक, शब्दांची वही आणि पाठांतराची चिकाटी, एवढेच भांडवल. उच्चाराऐवजी वाचन तपासणाऱ्या त्या कोरड्या पेपरावर टीका खूप होते, पण नुसत्या कष्टाने जिंकता येईल अशी इंग्रजी तिच्यासाठी तीच आहे. गुण पुरे ठेवून तासिका आणि चाचण्या कमी केल्या, तर उरलेले अंतर प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीने भरायचे असा त्याचा अर्थ होतो. आणि गाओकाओत इंग्रजीला आजही दीडशेच गुण आहेत.

(पुढील आठवड्यात : गाओकाओ आणि प्रांतवार जागावाटप)